आधीं मुक्काम, मग मार्ग

हल्लीं आपल्या घरांतून युरोपचा प्रवास ही पूर्वीइतकी अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलगा नाहीं तर पुतण्या, लेक नाहीं तर भाची, कोणी ना कोणी तिकडे नोकरीस वा शिक्षणास गेलेलें असतें; आणि सहली काढणाऱ्या मंडळ्या तर दर उन्हाळ्यांत शेंकडों माणसें नेऊन आणितात. परंतु अशा सहलींत शिटी वाजली कीं उठावयाचें आणि शिटी वाजली कीं बसावयाचें असतें. तें ज्यांस नको, व जे मोटार भाड्यानें घेऊन सहकुटुंब हिंडूं इच्छितात, त्यांच्यापुढें दोन प्रश्न असतात : जावयाचें कोणत्या वाटेनें, आणि राहावयाचें कोठें. बहुतेक मंडळी पहिला प्रश्न सोडवून मग दुसऱ्याकडे वळतात. आम्हीं तो क्रम उलटा केला. तो कां केला व त्यापासून काय निष्पन्न झालें, हें वाचकांपैकीं एखाद्या कुटुंबास उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहें.

आमचा बेत २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीचा होता. माणसें सात : मी, आमच्या सौ., चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांचा नातू, सहा वर्षांची नात आणि धाकट्या बंधूंचा मुलगा. संक्रांतीच्या सुमारास एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर चिरंजीवांनीं नकाशा पसरला आणि फ्रँकफुर्ट, अॅमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस, लुसर्न, मिलान, व्हेनिस, साल्झबुर्ग, प्राग व पुनः फ्रँकफुर्ट असें एक भव्य वर्तुळ काढून दाखविलें. रात्री चौदा, पाहावयाचीं शहरें आठ. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. सौ. स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती, ती एवढेंच म्हणाली, "छान आहे. तुम्ही सगळीं जाऊन या. माझे गुडघे घेऊन मी आपली देवघर सांभाळतें."

हें ती रागानें म्हणाली नव्हती, हीच त्यांतील अवघड गोष्ट होती. सपाटीवर ती हळूहळू मैल-दीड मैल चालते. पण जिना आला कीं एका मजल्यावर तिचें बळ संपतें. जिनें इतकीं वर्षें घरांतील प्रत्येकाच्या प्रवासाचा डबा भरून दिला, तिला मागें ठेवून निघालेला प्रवास कुटुंबाचा म्हणतां येणार नाहीं, असें मीं चिरंजीवांस सांगितलें. त्यांसहि तें मान्य होतें, परंतु "नाना, आईला झेपेल असा बेत केला, तर मग आपण पाहणार तरी काय?" हा त्यांचा प्रश्नहि खोटा नव्हता. आंखून तर पाहूं, म्हणून मीं एक दोनशें पानी वही घेतली.

प्रथम त्या भव्य वर्तुळाचेंच गणित मांडलें. एकूण अंतर तीन हजार किलोमीटरांच्या बरेंच वर गेलें; पैकीं पॅरिस ते लुसर्न हा एकच टप्पा सुमारे सहाशें किलोमीटरांचा. परंतु खरा खर्च किलोमीटरांचा नव्हताच. युरोपांत भाड्याची जागा बहुधा सकाळीं दहा-अकराच्या आंत सोडावी लागते आणि नवी जागा दुपारीं तीनच्या पुढें ताब्यांत मिळते. मधल्या वेळांत सारें सामान गाडींत आणि माणसें रस्त्यावर. सात माणसांची बांधाबांध, किल्ली देणाऱ्याची वाट पाहणें, नव्या घरांतील दिव्यांचीं बटणें व पाण्याच्या तोट्या समजून घेणें, यांत प्रत्येक मुक्कामबदलास अर्धा दिवस जातो, असा हिशेब मीं धरला. आठ शहरें म्हणजे चार सबंध दिवस. चौदांतून चार दिवस बोचकीं बांधण्यांतच घालवावयाचे असतील, तर त्यासाठीं युरोपपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. तें घरींहि करतां येतें.

मेघदूत शिकविण्यांत माझीं पुष्कळ वर्षें गेलीं. त्या काव्याच्या पूर्वभागाकडे निव्वळ प्रवाशाच्या दृष्टीनें पाहिलें, तर असें दिसतें कीं, यक्ष मेघास संदेश सांगण्यापूर्वीं सबंध मार्ग सांगतो, आणि मार्ग सांगतांना थकशील तेव्हां कोणत्या शिखरावर टेक, क्षीण होशील तेव्हां कोणत्या नदीचें पाणी पी, याची काळजी आधीं घेतो. उज्जयिनी तर सरळ वाटेवर नाहींच. तरी वाट वांकडी करून ती पाहा, असा त्याचा आग्रह आहे. आणि तेथें रात्रीं एखाद्या घराच्या माथ्यावर मुक्काम कर म्हणून जें तो सांगतो, त्याचें कारण काय, तर मेघाची पत्नी जी वीज, ती चमकून चमकून थकलेली असेल ! वर्गांत हा श्लोक मीं किती वेळां समजावून दिला असेल, परंतु त्यांत प्रवासाच्या आंखणीचा इतका व्यवहारी नियम आहे, हें वही हातांत घेतल्यावर विशेष जाणवलें. मुक्काम थकणाऱ्या माणसाच्या मानानें ठरवावयाचा, आणि वांकडी वाट करावयाची ती एकदांच, मनापासून हव्या असलेल्या गांवासाठीं.

त्याप्रमाणें मुक्काम ठरले ते असे : ऱ्हाइनकांठीं बॉन येथें तीन रात्री; ट्युबिंगेन येथें चार; स्वित्झर्लंडमध्यें थून सरोवराच्या कांठीं श्पीत्स येथें चार; फ्रान्सच्या आल्सास प्रांतांत कोलमार शहराजवळच्या एका खेड्यांत दोन; आणि शेवटची एक रात्र फ्रँकफुर्टच्या विमानतळानजीक. स्वित्झर्लंड मुलांसाठीं आणि आल्सास सूनबाईंसाठीं होतें. बॉन व ट्युबिंगेन हीं दोन गांवें मात्र माझ्या लोभाचीं. बॉनचें विद्यापीठ १८१८ सालीं स्थापन झालें आणि त्याच वर्षीं आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची तेथें नेमणूक होऊन जर्मनींतील संस्कृताध्यापनाचा पाया पडला. १८२३ मध्यें त्यांनीं भगवद्गीता देवनागरी अक्षरांत, लॅटिन भाषांतरासह, तेथेंच प्रसिद्ध केली. ट्युबिंगेन येथें रुडोल्फ रोथ यांनीं आयुष्यभर शिकविलें. ओटो बोटलिंक यांच्यासह त्यांनीं रचलेला सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळांत सेंट पीटर्सबर्ग येथें छापला गेला; पुढील कोशकारांनीं त्याचाच आधार घेतला. ट्युबिंगेन ही आमच्या प्रवासांतील उज्जयिनी होय.

मुक्कामाचीं गांवें ठरलीं, आतां घरें. येथें मीं एकच प्रश्न सर्वांआधीं विचारीत गेलों : मोटार जेथें उभी राहील तेथून पलंगापर्यंत पायऱ्या किती ? चिरंजीव हंसले, परंतु पत्रें त्यांनींच धाडलीं. उत्तरें मोठीं उद्बोधक आलीं. एका ठिकाणीं लिफ्ट होती, पण ती रस्त्यापासून सात पायऱ्या चढल्यावर सुरू होत होती, आणि थांबत होती तीहि दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर; म्हणजे तेथून पुनः अर्धा जिना. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसविलेली असल्यानें असें पुष्कळदां असतें. दुसऱ्या ठिकाणीं घर तळमजल्यावर होतें, पण निजण्याची खोली माळ्यावर आणि तेथें जावयास शिडीवजा जिना. छायाचित्रांत हें कांहींएक दिसत नाहीं. छायाचित्रांत खिडकीवरील फुलें दिसतात. जुन्या पेठेच्या मध्यभागींचीं घरें दिसावयास सुंदर, परंतु तेथें बहुधा मोटार नेण्यास बंदी, जिने उभे आणि रात्रीं खानावळींचा गलबला. म्हणून आम्हीं प्रत्येक ठिकाणीं मध्यवस्ती सोडून, बसच्या वा आगगाडीच्या वाटेवर, गाडी ठेवण्याची स्वतःची जागा असलेलें घर पाहिलें. भाडेंहि त्यामुळें कमी पडलें.

ऱ्हाइनच्या बाबतींत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. त्या नदीच्या दोन्ही तीरांवरून आगगाडीचे रस्ते आहेत आणि मालगाड्या रात्रभर धांवतात. खोरें अरुंद असल्यानें आवाज पाण्यावरून या कांठचा त्या कांठास जातो. अगदीं नदीकांठचें, दृश्य दिसणारें म्हणून जें घर अधिक पैसे घेतें, तेथेंच झोंप मिळण्याची पंचाईत. आमचें घर बॉनच्या दक्षिणेस, बाड गोडेसबर्ग भागांत, नदीपासून व रुळांपासून अंमळ दूर होतें.

दुसरा विषय चुलीचा. सात शाकाहारी माणसांस दोन्ही वेळां बाहेर जेवावयास घालणें, विशेषतः स्वित्झर्लंडमध्यें, म्हणजे दौलत उधळणें होय. तेव्हां स्वयंपाकघर असलेलीच घरें घेतलीं. चूल कोणत्या जातीची आहे, हें आधीं विचारावें. कांचेच्या साध्या विजेच्या चुलीवर आपला अॅल्युमिनियमचा कुकर चालतो. इंडक्शनच्या चुलीवर तो तापतच नाहीं, तेथें लोहचुंबक चिकटेल असें तळ असलेलें भांडें पाहिजे. फोडणी देतांना खिडकी उघडी असूं द्यावी, कारण घरोघर धुराची सूचना देणारें यंत्र असतें व तें मोहरीच्या धुरास आणि आगीच्या धुरास सारखेंच लेखतें. डब्यांविषयींहि सांगणें अवश्य आहे. भारतांतून युरोपीय संघाच्या देशांत दूधदुभत्याचे पदार्थ नेण्यास प्रवाशांस बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा घरींच ठेवावयाचे. आंबाहि तपासणीच्या दाखल्याशिवाय नेतां येत नाहीं. केळें व नारळ यांस ती अट नाहीं. सौ.नें मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या आणि पोहे यांवर सारें निभावलें. लोणी तिकडे उत्तम मिळतें, तें कढवून तूप तिनें दुसऱ्याच दिवशीं केलें.

हें वाचून चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, ती यावयास कबूल झाली होती. पायऱ्यांचे आंकडे लिहिलेलें वहीचें पान मीं तिला दाखविलें. बॉन चार, ट्युबिंगेन तीन, श्पीत्स एकहि नाहीं, आल्सास दोन. तिनें चष्मा लावून तें पान दोनदां वाचलें आणि विचारलें, "तिकडे थंडी कितपत असते ?" मी समजलों.

परवान्याचीं कामें कंटाळवाणीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. शेंगेन करारांतील देश सध्यां एकोणतीस असून एका प्रवेशपत्रावर सर्वत्र जातां येतें. अर्ज ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें त्याच्या वकिलातीकडे करावयाचा. आमच्या आठ रात्री जर्मनींत होत्या, म्हणून जर्मनीकडे केला. प्रवासाच्या सहा महिने आधींपासून अर्ज घेतात. शुल्क मोठ्या माणसास नव्वद युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस निम्में. विमा तीस हजार युरोंचा लागतो. अर्जासोबत राहण्याच्या जागांचे पुरावे द्यावे लागतात, यास्तव ठराविक मुदतीपर्यंत पैसे परत मिळतील अशाच अटीवर जागा धराव्या. मोटार हांकणारांनीं आपल्या येथील परिवहन कचेरीकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना सोबत ठेवावाच लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचें चित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. आम्ही गेलों तेव्हां ती नव्हती.

आतां मार्ग. पहिल्या दिवशीं मोटार घ्यावयाचीच नाहीं, हा आमचा पहिला निश्चय. रात्रभर विमानांत अवघडलेल्या माणसानें, ज्या देशांत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें जातात व चक्र डाव्या हातास असतें, तेथें उतरल्याबरोबर महामार्गावर शिरावें, हें धाडस नव्हे, अविचार होय. फ्रँकफुर्टच्या विमानतळाखालींच आगगाडीचें स्थानक आहे. तेथून वेगवान गाडी सुमारे पाऊण तासांत बॉननजीकच्या झीगबुर्ग स्थानकास पोंचविते. बॉनचे तीन दिवस मोटारीवांचून गेले, त्यामुळें तीन दिवसांचें भाडें व गाडी ठेवण्याचे पैसे वांचले. ऱ्हाइनचें प्रसिद्ध खोरें आम्हीं कोब्लेंट्स ते बिंगेन आगगाडींतून पाहिलें. डाव्या तीराची गाडी अगदीं पाण्याच्या कडेनें जाते, आणि मुख्य म्हणजे घरांतील कोणाहि माणसास चक्र धरून पुढच्या गाडीच्या मागील दिव्यांकडे पाहत बसावें लागत नाहीं. मोटारीच्या प्रवासांत हांकणारास देखावा दिसत नाहीं, हें आंखणी करणारे सोयीस्करपणें विसरतात.

बॉनच्या जुन्या स्मशानभूमींत श्लेगेल यांची समाधि आहे. जागा सपाट, झाडें जुनीं, बसावयास बांकें. सौ.नें विचारलें, "हे कोण ?" मीं म्हटलें, "यांनीं इथें गीता छापली, दोनशें वर्षांपूर्वीं." तिनें कांहीं न बोलतां चपला काढल्या. नातवानें आजीकडे पाहून बूट काढावयास आरंभ केला. त्याचे बंद सुटावयास वेळ लागला, तोंवर सर्वजण उभे राहिले.

मोटार शनिवारीं सकाळीं बॉनमध्यें घेतली व परत फ्रँकफुर्टास दिली. एकाच देशांत घेतली व दिली तर फारसें जादा पडत नाहीं. एका देशांत घेऊन दुसऱ्यांत सोडली, तर परत नेण्याचा भुर्दंड कित्येक वेळां भाड्याइतका होतो. म्हणून वाट वर्तुळाकार आंखावी. शहरांतील कचेऱ्या शनिवारीं दुपारीं बंद होतात व रविवारीं बहुधा उघडतच नाहींत, इकडे लक्ष असावें. सात माणसांस सात आसनांची गाडी पुरते, असें जाहिरातींवरून वाटतें. परंतु शेवटची आसनपंक्ति उघडली कीं सामानास वीतभर जागा उरत नाहीं. आम्हीं नऊ आसनांची घेतली. हांकणारा धरून नऊ माणसांपर्यंतची गाडी साध्या परवान्यावर चालते. तिचा एकच दोष असा कीं, तिची उंची जवळजवळ दोन मीटर, आणि शहरांतील तळघरी गाडीखान्यांच्या दारावर उंचीची मर्यादा लिहिलेली असते ती तितकीच, किंवा कमी. त्यामुळें जावयाच्या प्रत्येक गांवीं उघड्यावरची जागा कोठें आहे, हें वहींत आधींच उतरून ठेवलें होतें. गिअर आपोआप बदलणारी गाडी हवी असल्यास तसें स्पष्ट मागावें. न मागितल्यास हातानें बदलावयाची देतात. दोन माणसें आळीपाळीनें हांकणार असतील, तर दोघांचीं नांवें करारांत पाहिजेत. बारा वर्षांखालील आणि दीडशें सेंटिमीटरांहून ठेंगण्या मुलांस जर्मनी व स्वित्झर्लंड या दोन्ही देशांत वेगळें आसन सक्तीचें आहे. इंधन भरतांना मात्र शब्दांनीं फसूं नये : जर्मन लोक ज्यास बेंझीन म्हणतात तें आपलें पेट्रोल, आणि फ्रेंच लोक ज्यास गाझोल म्हणतात तें डिझेल.

एका दिवसांत नकाशानें दाखविलेले साडेचार तास, ही हांकण्याची कमाल मर्यादा ठरविली होती. नकाशाचे साडेचार म्हणजे कुटुंबाचे सात, कारण नकाशास तहान लागत नाहीं आणि त्याच्याबरोबर सहा वर्षांची नात नसते. बॉनहून हायडेलबर्ग अडीचशें किलोमीटर, तेथून ट्युबिंगेन दीडशें. हा आमचा सर्वांत लांब दिवस. जर्मनींत महामार्गावर मोटारींस पथकर नाहीं, आणि कित्येक भागांत वेगासहि बंधन नाहीं. डावी ओळ केवळ पुढें जाण्यापुरती घेऊन लगेच उजवीकडे परतावयाचें, हा तेथील धर्मच आहे. वाहनें तुंबलीं कीं सर्वांत डाव्या ओळींतील गाड्या डावीकडे व बाकीच्या उजवीकडे सरकून मधोमध रुग्णवाहिकेस वाट करून देतात. कोणी शिपाई तेथें उभा नव्हता. तरी शेंकडों गाड्या दुभंगलेल्या पाहून माझ्या पुतण्यानेंहि आपली गाडी मुकाट्यानें कडेस घेतली.

हायडेलबर्गास दुपारचे तीन तासच मिळाले. तेथील किल्ला सर्वांनीं पाहिला. महाराष्ट्रीयांनीं तेथें आणखी एका नांवाचें स्मरण करावें : त्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेंत गुंथर सोन्थायमर हे प्राध्यापक होते, खंडोबा, धनगर व पंढरीची वारी यांवर त्यांनीं केलेलें काम आपल्याकडील अभ्यासकांसहि मार्गदर्शक झालें. १९९२ मध्यें ते निवर्तले.

ट्युबिंगेनला सायंकाळीं पोंचल्याबरोबर सूनबाई आणि पुतण्या बाजारास धांवले, कारण दुसरे दिवशीं रविवार, आणि जर्मनींत रविवारीं दुकानें बंद. मुक्कामाचा पहिला दिवस शनिवार असेल, तर दुकान मिटण्याची वेळ वहींत लिहून ठेवावी. रात्रीं दहानंतर मोठ्यानें बोलणें, धुण्याचें यंत्र लावणें वा जड वस्तु सरकविणें शेजाऱ्यांस खपत नाहीं. आपल्याकडील एकत्र कुटुंबाचें साधें संभाषणहि त्यांस भांडण वाटण्याचा संभव आहे, म्हणून मुलांस आणि मलाहि तशी ताकीद मिळाली होती.

त्या गांवाविषयीं किती लिहूं ? १४७७ चें विद्यापीठ, नेकार नदी, नदींत लांब काठीनें ढकलावयाच्या सपाट नावा, कांठावर तो पिंवळा मनोरा, ज्यांत कवि होल्डरलिन मन भ्रमिष्ट झाल्यावर १८०७ पासून १८४३ पर्यंत राहिले. चार दिवस असल्यामुळें कोणासहि घाई नव्हती. मंडळी दोन दिवस बाहेर गेली, एके दिवशीं उल्मला व एके दिवशीं हर्मान हेसे यांच्या काल्व या जन्मगांवीं. मी आणि सौ. बसनें नदीपर्यंत जाऊन बांकावर बसत असूं. रोथ हे येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाचेहि प्रमुख होते. एके सकाळीं मीं एकट्यानें त्या ग्रंथालयाच्या रस्त्यावरून दोन फेऱ्या घातल्या. आंत जाऊन काय करावयाचें हें ठाऊक नव्हतें, आणि जाण्याची गरजहि वाटली नाहीं. परत आलों तेव्हां सौ. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंबरोबर खुणांनीं बोलत होती. दोघीहि आपापल्या गुडघ्यांकडे बोट दाखवीत होत्या.

बुधवारीं स्वित्झर्लंड. वाटेंत शाफहाउझेनजवळ ऱ्हाइनचा धबधबा लागतो. उंची अवघी तेवीस मीटर, परंतु रुंदी दीडशें, आणि गाडीतळापासून चालणें थोडें. स्विस महामार्गांसाठीं वर्षाचा एकच परवाना मिळतो, किंमत चाळीस फ्रँक. एका दिवसासाठीं गेलें तरी तितकेच. २०२३ पासून तो गाडीच्या क्रमांकावर घरबसल्या घेतां येतो. पुढें लुसर्नवरून ब्रुनिगचा घाट घेतला. तो सुमारे हजार मीटर उंचीचा व बारमाही उघडा आहे. सुस्टेन, ग्रिम्सेल, फुर्का हे उंच घाट जून उजाडला तरी बर्फामुळें बंद असूं शकतात. त्यांवरून मार्ग आंखणारानें महिना पाहून आंखावा. डोंगर तेथें अजून जागे आहेत. ज्या दिवशीं आम्ही फ्रँकफुर्टास उतरलों, त्याच २८ मे रोजीं, श्पीत्सच्या दक्षिणेस पर्वतरांगेपलीकडील लोचेनटाल खोऱ्यांत हिमनदी व कडा कोसळून ब्लाटेन हें गांव गाडलें गेलें. गांवकऱ्यांस नऊ दिवस आधींच हलविलें होतें, म्हणून मोठी प्राणहानि टळली. त्या दिवसांत वही बाजूस ठेवून चिरंजीव रोज सकाळीं रस्त्यांची ताजी खबर पाहत.

श्पीत्सच्या घरास एकहि पायरी नव्हती, आणि सज्जांतून सरोवर दिसे. चारांपैकीं दोन दिवस मोटार जागची हलली नाहीं. लाउटरब्रुनेनपर्यंतच मोटार जाते; वेंगेन व म्युरेन हीं वरचीं गांवें मोटारविरहित असून तेथें दांत्यांच्या रुळांवरील गाडीनें अथवा पाळण्यानें जावें लागतें. मुलें व तरुण मंडळी युंगफ्राउयोखास गेलीं. १९१२ पासून चालू असलेलें तें स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि वैद्यांनीं आम्हां दोघांस तेथें जाण्यास मना केलें होतें. आम्ही वेंगेनपर्यंत गेलों. गाडींतून उतरून सपाट रस्त्यावर शंभर पावलें चाललों, तोंच समोर सबंध युंगफ्राऊ ! सौ. बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "मुलांनीं स्वेटर घेतले असतील ना?"

आल्साससाठीं ८ जूनचा रविवार मुद्दाम निवडला होता. तो पेंटेकोस्टचा सण, दुसरा दिवस सोमवार सुटीचा. हा सण ईस्टरच्या हिशेबानें फिरता असतो, आणि त्या आठवड्यांत जागा महाग व शुक्रवार-शनिवारीं रस्ते तुडुंब. परंतु रविवारीं जर्मनी, स्वित्झर्लंड व फ्रान्स या तिन्ही देशांत मोठ्या मालमोटारींस रस्त्यावर बंदी असते. लांबचा टप्पा शक्यतों रविवारीं ठेवावा. श्पीत्स ते कोलमार दोनशें किलोमीटर आम्ही दुपारच्या आंत पोंचलों. फ्रान्समध्यें दोन वाजले कीं खानावळींच्या चुली विझतात त्या सातपर्यंत पेटत नाहींत, यासाठीं दशम्या बरोबर होत्या. लांकडी चौकटींचीं तीं घरें, द्राक्षांचे मळे आणि छपरांवरचे बगळ्यासारखे करकोचे पाहून सूनबाईंनीं जितकीं छायाचित्रें काढलीं, तितकीं उरलेल्या सर्व प्रवासांत मिळून नसतील.

शेवटच्या दिवशीं स्ट्रासबुर्गच्या बाहेरील गाडीतळावर मोटार ठेवून ट्रॅमनें गांवांत गेलों. युरोपांतील बहुतेक मोठ्या शहरांच्या वेशीवर असे तळ असतात व शहरांत मोटार नेण्यापेक्षां ते शतपट बरे. संध्याकाळीं फ्रँकफुर्टास गाडी दिली. घेतांना व देतांना गाडीची चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, आणि इंधन अखेरच्या दहा-वीस किलोमीटरांत भरून पावती ठेवावी. आमची मोटार एकंदरींत बाराशें किलोमीटरांहून थोडी अधिक फिरली, तीं बाहेरचीं हिंडणीं वेगळीं.

ती वही सध्यां पुतण्याच्या एका मित्राकडे आहे. त्यास पॅरिस घालावयाचेंच आहे. त्याला मीं सांगितलें आहे कीं, मोटार स्ट्रासबुर्गला ठेवावी. तेथून वेगवान आगगाडी सुमारे पावणेदोन तासांत पॅरिसला नेते. त्याच्याहि घरीं आजी आहे. पायऱ्या विचारावयाचें पत्र कसें लिहावें, त्याचा नमुना वहीच्या तिसऱ्या पानावर आहे.